प्रेमाची स्वशब्दवाच्यता : कोल्हापूरच्या तीन लेखकांच्या संदर्भात

१

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसदोषांची जी यादी दिली आहे, तिच्या आरंभीच ‘स्वशब्दवाच्यता’ हा दोष येतो. रस, स्थायी भाव किंवा व्यभिचारी भाव यांचा त्यांच्या नावानेच उच्चार करणे म्हणजे हा दोष होय. रतिभाव विभाव-अनुभावांच्या द्वारे व्यंजित व्हावा, ‘रती’ हा शब्द उच्चारून तो सांगितला जाऊ नये, असा या विचाराचा आशय आहे. ज्याचे नाव घेतले ते प्रतीत होत नाही आणि जे प्रतीत होते त्याचे नाव घ्यावे लागत नाही, ही भूमिका रसव्यवस्थेच्या मुळाशी आहे. रोमांच, स्वरभंग, वेपथु, अश्रू इत्यादी आठ सात्त्विक भावांना जे महत्त्व मिळाले, त्याचेही कारण हेच. देह जे आपोआप बोलतो ते खरे आणि जीभ जे ठरवून बोलते ते संशयास्पद, असा संकेत त्यात गृहीत आहे.

काव्यशास्त्रातील हा दंडक आणि मराठी कुटुंबातील एक जुना रिवाज यांच्यात लक्षणीय साम्य दिसते. पत्नीने पतीचे नाव उच्चारू नये, उच्चारायचेच झाल्यास चारचौघींच्या आग्रहाखातर आणि तेही उखाण्यात गुंफून उच्चारावे, असा हा रिवाज होता. काव्यात भावाचे नाव वर्ज्य, तर घरात ज्याच्याविषयी तो भाव आहे त्याचेच नाव वर्ज्य! दोन्ही ठिकाणी भावना नाकारलेली नाही. तिच्या थेट उच्चाराला मात्र बंदी आहे. म्हणूनच ‘मराठी माणूस प्रेम बोलून दाखवत नाही’ हे नेहमी ऐकू येणारे विधान अर्धेच खरे ठरते. मराठी परंपरेत प्रेम भरपूर बोलले गेले आहे. प्रश्न आहे तो कोणी, कोणाच्या नावाने आणि कोणत्या आडोशाने बोलले, हा. आधुनिक मराठी साहित्याने हा आडोसा कसा दूर केला आणि त्याचे मोल कोणाला द्यावे लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात कोल्हापुरात वास्तव्य केलेल्या तीन लेखकांच्या आधारे केला आहे.

२

महाराष्ट्री प्राकृतातील हालाच्या ‘गाथासप्तशती’त स्त्रीच्या तोंडी आलेले प्रेमोद्गार विपुल आहेत. तेथील नायिका सखीशी बोलते, पथिकाला सूचक निमंत्रण देते, रुसते, टोमणा मारते. तिला नाव मात्र नाही. ती कोणीही असू शकते, आणि हे ‘कोणीही असणे’ हाच तिचा आडोसा आहे.

संतकाव्यातील विरहिणीचा आडोसा भक्तीचा आहे. पुरुष संत स्त्रीची भूमिका घेऊन विठ्ठलाची किंवा कृष्णाची वाट पाहतो. तेथे उत्कटतेला मर्यादा नाही, कारण ती उत्कटता लौकिकात कोणाच्याही वाट्याला जाणार नसते. पेशवाईच्या उत्तरकाळातील लावणीत राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ या शाहिरांनी स्त्रीच्या मुखातून प्रेम आणि कामना यांचे उघड निवेदन करविले. मात्र रचना पुरुषाची, गाणे फडातले आणि श्रोता पुरुष असे तिचे स्वरूप राहिले. फडावरील स्त्रीने जे बोलावे ते घरातील स्त्रीने बोलू नये, ही विभागणी लावणीने मोडली नाही, उलट पक्की केली. कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीशी निगडित असलेल्या अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांची लोकप्रियता पाहता ही विभागणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही प्रेक्षकांना ओळखीची होती, असे म्हणता येईल.

घरातील स्त्रीचे स्वतःचे माध्यम होते ते जात्यावरच्या ओवीचे. डॉ. सरोजिनी बाबर यांचे लोकसाहित्याचे संकलन, तसेच हेमा राइरकर आणि गी पॉइटवॅं यांनी पुण्यातून चालविलेला, एक लाखाहून अधिक ओव्या जमविणारा प्रकल्प यांमुळे हे भांडार अभ्यासकांना उपलब्ध झाले आहे. ओवीत माया उघड बोलते. परंतु ती प्रामुख्याने आई, भाऊ, लेक आणि देव यांच्याकडे वळते. पतीचा उल्लेख येतो तो पुष्कळदा कुंकवाच्या, चुड्याच्या आणि सौभाग्याच्या संदर्भात. शिवाय ओवी गायची ती पहाटे, घर झोपेत असताना. तिला ऐकणारी असली तर जात्याच्या पलीकडे बसलेली दुसरी स्त्री. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्याच समोर बोलण्याची सोय या माध्यमात नव्हती.

अनामिक नायिका, भक्त, फडावरची स्त्री आणि जात्यावरची स्त्री अशा चार वक्त्यांना परंपरेने प्रेमाची वाणी वाटून दिली होती. एका सामान्य व्यक्तीने स्वतःच्या नावाने, दुसऱ्या विशिष्ट व्यक्तीला उद्देशून, उत्तराची अपेक्षा ठेवून बोललेले वाक्य या वाटणीत फारसे बसत नव्हते. आधुनिक साहित्याला नेमके हेच वाक्य घडवायचे होते.

३

हे वाक्य घडविताना भाषेचीच अडचण होती. मराठीत भावना ही बहुधा माणसाने केलेली क्रिया नसते; ती माणसाला होते, येते, वाटते. राग येतो, रडू कोसळते, माया वाटते, जीव जडतो, मन बसते. ‘मला तू आवडतेस’ या वाक्यात आवडणारी व्यक्ती कर्त्याच्या जागी आहे आणि जिला आवडते ती व्यक्ती चतुर्थीत, म्हणजे भावना स्वीकारणाऱ्याच्या जागी आहे. ‘जीव जडला’ म्हणताना तर कर्तृत्व जिवाकडे जाते आणि माणूस नामानिराळा राहतो. याउलट ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ या वाक्यात बोलणारा स्वतःला कर्ता म्हणून पुढे करतो आणि म्हणूनच जबाबदारीही पत्करतो. हे वाक्य आजही अनेकांना पुस्तकी वाटते. त्याचे कारण केवळ संकोचात नाही; मराठीच्या वाक्यरचनेच्या स्वाभाविक कलातही ते आहे.

दुसरी अडचण लिंगाची. प्रमाण मराठीत वर्तमानकाळातील प्रथमपुरुषी क्रियापदही बोलणाऱ्याचे लिंग सांगते : ‘करतो’ किंवा ‘करते’. द्वितीयपुरुषात समोरच्या व्यक्तीचे लिंगही उघड होते. म्हणजे मराठीत प्रेम बोलताना कोण कोणाशी बोलत आहे हे झाकून ठेवता येत नाही. फार्सी भाषेत व्याकरणिक लिंगच नाही. तेथे प्रिय व्यक्ती पुरुष, स्त्री की परमेश्वर, हे अनिश्चित ठेवूनही संपूर्ण गझल लिहिता येते. कोल्हापूरच्या बोलीने मात्र या बाबतीत वेगळी वाट धरली आहे. ‘मी येतो’, ‘मी जातो’ अशी रूपे या भागातील स्त्रियांच्या तोंडी सर्रास ऐकू येतात. प्रमाण भाषा जे लिंग उघड करायला लावते, ते ही बोली प्रथमपुरुषापुरते झाकून ठेवू शकते. या बोलीतील स्त्रीचा प्रेमोद्गार शिष्ट साहित्यात किती आला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

तिसरी अडचण संबोधनाची. पती ‘अगं’ म्हणणार आणि पत्नी ‘अहो’. तो एकेरी आणि ती आदरार्थी. या विषम संबोधनात आदर आहे, सवय आहे, क्वचित मार्दवही आहे. परंतु बरोबरीने बोलण्याची भूमी त्यात नाही. दोघांनी एकमेकांना ‘तू’ म्हणणे ही मराठी समाजात साधी घटना नव्हती.

४

या अडचणींवर उत्तरे शोधण्याचे महत्त्वाचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात कोल्हापुरात एकत्र आले, यामागे काही सामाजिक कारणे आहेत. १८९१ मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली. पुढे शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसली. तिने आणि तिच्यासारख्या नव्या वसाहतींनी जुन्या पेठांच्या बाहेर एक वेगळे शहर उभे केले. जुन्या पेठेत माणूस तालीम, गल्ली आणि भावकी यांच्या नजरेत वावरतो. गुळाच्या व्यापारासाठी, नोकरीसाठी, शिक्षणासाठी बाहेरून आलेल्यांच्या शाहूपुरीसारख्या वस्तीत शेजारी शेजाऱ्याला आडनावाने ओळखतो. अनोळखी माणसे एकमेकांना भेटू शकतील अशी जागा ही आधुनिक प्रेमकथेची पहिली गरज असते. रेल्वे, महाविद्यालय आणि चित्रपटगृह यांनी ती पुरविली. ‘प्रभात’ची स्थापना कोल्हापुरात १९२९ मध्ये झाली आणि ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा मराठी बोलपट येथेच तयार झाला. रूपेरी पडद्यावरील स्त्री-पुरुष एकमेकांशी बोलताना सर्वांना एकाच वेळी ऐकू येऊ लागले, हा बदल लहान नव्हता.

याच संस्थानात १९१९ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा शाहू छत्रपतींनी केला होता. कायद्याने निवडीला वाट दिली. परंतु ती निवड बोलून दाखविण्याचे शब्द कायदा देऊ शकत नाही. ते शब्द घडविण्याचे काम साहित्याकडे आले.

५

राजाराम महाविद्यालयात १९२८ च्या सुमारास फार्सीचे प्राध्यापक म्हणून आलेले माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन (१८९४–१९३९), यांनी या वाक्याची किंमत आधीच मोजलेली होती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांना बाहेर पडावे लागले, त्यामागे एका विद्यार्थिनीशी असलेल्या स्नेहसंबंधावरून उठलेले वादळ होते. या प्रसंगाची चर्चा साहित्येतिहासात बहुधा कवीच्या बाजूने होते. शिक्षक आणि विद्यार्थिनी हे नाते मुळातच असमान असते आणि त्या विद्यार्थिनीचे म्हणणे काय होते याची विचारपूस त्या चर्चेत क्वचितच होते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

‘विरहतरंग’ (१९२६) या खंडकाव्यात त्यांनी असफल प्रेमाची कहाणी मांडली. कोल्हापूरच्या काळातील ‘गज्जलांजली’ने (१९३३) मात्र अधिक मूलगामी काम केले. गझल हा संबोधनाचा प्रकार आहे. तिच्यात कोणीतरी समोर असते. फार्सीची जाण असलेल्या या कवीला मूळ भाषेतील अनिश्चित प्रिय व्यक्ती मराठीत आणताना तिला लिंग द्यावे लागले आणि ते देताच संकेत गळून पडून एक प्रत्यक्ष स्त्री समोर उभी राहिली. फार्सीतला आडोसा मराठीच्या व्याकरणाने हिरावून घेतला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. त्यांच्या कवितेचा प्रांजळपणा हा जसा स्वभावाचा गुण आहे, तसाच तो भाषांतराने लादलेला उघडेपणाही आहे. वाचकांनी त्या प्रेमभावनेत कवीचे चरित्र शोधले, आणि ‘प्रणयपंढरीचे वारकरी’ अशी उपाधी त्यांना चिकटली. तिच्यात कौतुकाइतकीच थट्टाही आहे. मराठी मनाने उघड प्रेमालाही पुन्हा भक्तीच्या परिभाषेत नेऊन बसविले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

‘छंदोरचने’सारख्या शास्त्रीय ग्रंथाचा कर्ता आणि प्रेमकवी हे एकाच व्यक्तीत असणे हाही योगायोग मानण्याचे कारण नाही. वृत्ताची शिस्त जेवढी काटेकोर, तेवढी उद्गाराची मोकळीक सुसह्य होते. सामाजिक आडोसा टाकून दिल्यावर या कवीने छंदाचा आडोसा घट्ट धरला.

६

याच महाविद्यालयात १९२६ ते १९४९ या काळात अध्यापन करणाऱ्या ना. सी. फडके यांनी वेगळे उत्तर शोधले. ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१) या कादंबऱ्यांनी प्रेमाला एकट्याच्या उद्गारातून बाहेर काढून संवादात आणले. कवितेतील प्रेयसी ऐकते. फडके यांच्या कादंबरीतील नायिका उत्तर देते, प्रतिप्रश्न करते, चेष्टा करते. परिचय, आकर्षण, गैरसमज आणि उलगडा या टप्प्यांतून जाणारे हे संभाषण मराठी मध्यमवर्गीय तरुण-तरुणींना एक प्रकारचा वस्तुपाठ ठरले. प्रेम कसे करावे यापेक्षा प्रेमात असताना काय बोलावे, हे वाचकांनी या कादंबऱ्यांतून उचलले असावे.

फडके यांच्या लेखनावर तंत्राच्या आहारी गेल्याचा आक्षेप घेतला गेला आणि तो निराधार नाही. ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) त्यांनी रचनेच्या कौशल्याला जे स्थान दिले, त्याचा परिणाम प्रेमाच्या कबुलीवरही झाला. ती कबुली कथानकाची उकल बनली. तिची वेळ भावनेपेक्षा उत्कंठेच्या हिशेबाने ठरू लागली. पैसा, जात, सासर यांचा दाब ज्या संभाषणावर नाही, ते संभाषण मोकळे असते, परंतु त्या मोकळेपणाची परीक्षा झालेली नसते. तरीही एक श्रेय त्यांच्याकडे जाते. प्रेम ही हसत-खेळत, दिवसाउजेडी, दोन शिकलेल्या माणसांनी बोलण्याची गोष्ट आहे, हे त्यांनी सर्वसामान्य वाचकाच्या गळी उतरविले. त्याच काळात र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७ पासून) देहाविषयी निःसंकोच बोलत होते आणि त्यासाठी खटल्यांना सामोरे जात होते. शास्त्राची भाषा आणि ललित संवादाची भाषा या दोन निराळ्या वाटांनी एकच भिंत पोखरली जात होती.

७

वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापूरला आले आणि १९७६ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी कोल्हापूर हेच आपले गाव मानले. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या वादातील फडके आणि खांडेकर हे दोन प्रतिस्पर्धी काही वर्षे एकाच शहरात राहत होते. प्रेमाच्या उच्चाराबाबतही त्यांची भूमिका एकमेकांविरुद्ध जाते. फडके यांच्या जगात न बोलल्यामुळे घोटाळे होतात आणि बोलल्यामुळे ते मिटतात. खांडेकरांना प्रश्न पडतो तो बोललेले खरे कशावरून, हा.

‘ययाती’ची (१९५९) रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने प्रथमपुरुषात निवेदन करतात. महाभारतातील ही कथा येथे तीन कबुलीजबाबांत विभागली जाते. एकाच घटनेविषयी तिघांचे बोल जुळत नाहीत आणि त्या न जुळण्यातून वाचकाला प्रेम, वासना आणि अहंकार यांतील भेद ओळखावा लागतो. ययाती मनातले सारे उघड करतो, परंतु त्या उघडेपणाने तो अधिक प्रेमळ ठरत नाही. देवयानीच्या शब्दांत प्रेमापेक्षा मान राखण्याची धडपड अधिक आहे. जिला आपले नाते जगापुढे उच्चारण्याची मुभाच नाही, त्या शर्मिष्ठेच्या निवेदनात मात्र दुसऱ्याविषयीची काळजी सर्वाधिक आहे. आत्मप्रकटीकरण म्हणजे आत्मीयता नव्हे, हे खांडेकरांचे मुख्य सांगणे आहे. मम्मटाचा दंडक त्यांनी जणू नव्या अर्थाने परत आणला. प्रेम शब्दाने सांगू नये असे ते म्हणत नाहीत. केवळ शब्दाने ते सिद्ध होत नाही, असे म्हणतात. या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने खांडेकरांचा गौरव झाला.

खांडेकरांची मर्यादा त्यांच्या ध्येयवादात आहे. व्यक्तीवरील प्रेम शेवटी मानवतेवरील प्रेमात विलीन व्हावे, असा त्यांचा कल असतो. त्यामुळे एका माणसाने एका माणसाला सांगितलेली साधी गोष्ट पुष्कळदा सुभाषिताच्या उंचीवर जाते आणि तेथे पोहोचताच तिचा घरगुती ऊबदारपणा उणावतो.

८

या तिन्ही लेखकांमध्ये एक गोष्ट समान आहे. स्त्रीचे प्रेम त्यांनी बोलके केले, परंतु लेखणी पुरुषाची राहिली. शाहिरापासून चालत आलेली ही रीत त्यांनी सभ्य केली, मोडली नाही. ती मोडण्याचा प्रयत्न ज्या पुस्तकाने केला ते ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक ‘गज्जलांजली’च्याच वर्षी, १९३३ मध्ये, आले. शिकलेल्या अविवाहित स्त्रीच्या मनातील प्रेम, हेवा, कोंडमारा आणि अपेक्षा त्यात बोलत होत्या आणि त्यामुळे महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर असे छापले होते. ते टोपणनाव होते. बाळूताई खरे, पुढील मालतीबाई बेडेकर, यांनी ते घेतले होते. पुस्तकात काय म्हटले आहे यापेक्षा ते म्हणणारी बाई कोण, याच्या शोधात त्या वेळच्या वाचकवर्गाने अधिक रस घेतला.

ही तुलना बोलकी आहे. माधव जूलियन यांनी आडनाव बदलले, परंतु ते कोण हे सर्वांना ठाऊक होते. त्यांना नोकरी गमवावी लागली, पण पुढे दुसऱ्या महाविद्यालयाने सामावून घेतले आणि १९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही मिळाले. विभावरी शिरूरकर यांना आपले नावच बाजूला ठेवून बोलावे लागले. उघड बोलण्याचे मोल दोघांनीही दिले, पण ते सारखे नव्हते. प्रेमाच्या उच्चाराचा इतिहास लिहिताना कोण किती धीटपणे बोलले एवढेच मोजून भागणार नाही. बोलल्यानंतर कोणाला परतीची वाट होती, हेही पाहावे लागेल.

अध्यापनाच्या दृष्टीने या विवेचनाला आणखी एक बाजू आहे. वर्गात प्रेमकविता शिकविताना ‘येथे विप्रलंभ शृंगार आहे’ असे सांगून पुढे जाण्याची सोय शिक्षकाला उपलब्ध असते. ते विधान चूक नसते. पण संकोचाच्या क्षणी रसाचे नाव हाही एक उखाणाच ठरतो. त्या नावामागे कविता बोलणारी व्यक्ती, जिच्याशी ती बोलते ती व्यक्ती आणि तिने दिलेले किंवा न दिलेले उत्तर ही सारी झाकली जातात. समोर बसलेली मुले-मुली वयाच्या अशा टप्प्यावर असतात की, जीव जडणे आणि हक्क सांगणे यांतील, नकार ऐकणे आणि अपमान मानणे यांतील फरक समजून घेण्याची त्यांना खरी गरज असते. तो फरक शिकविणारे साहित्य पाठ्यक्रमात आहेच. जूलियन यांच्याकडून उद्गाराचा प्रांजळपणा, फडके यांच्याकडून उत्तराला दिलेली जागा आणि खांडेकरांकडून शब्दांविषयीची सावधगिरी घेता येते. विभावरी शिरूरकर यांच्या पुस्तकापासून या तिन्हींना पडलेली मर्यादा कळते. उघडपणे बोललेले प्रेम खरे आहे का, याची कसोटी त्याच्या आवाजात नसते. समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीक ते देते की नाही, यात ती असते. मराठी साहित्याने हे वाक्य घडवायला अनेक शतके घेतली. ते वाक्य वर्गात सरळ वाचले जावे, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.